काळी चार

त्या दिवशी माझं बोट चुकलं नव्हतं. आजवर ज्यानं ज्यानं विचारलं त्याला मी तसंच सांगत आलो. आईला सांगितलं, गायनाच्या बाईंना सांगितलं, लग्नानंतर बायकोला गंमत म्हणून सांगितलं, आणि ज्याला सांगायलाच नको होतं त्या रफीकलाही शाळेच्या जिन्यात उभं राहून सांगितलं, की घाईत बोट चुकलं. चुकलं नव्हतं. ज्या पट्टीवर ठेवायचं असं मनाशी ठरवून मी स्टेजवर चढलो होतो, बरोबर त्याच पट्टीवर ते पडलं.

हे आता लिहायला बसलो, कारण गेल्या पावसाळ्यात शाळेची पेटी माझ्या हातात बोलली.

नदी चढत होती. एरवी कोल्हापुरात कुणी हळू बोलत नाही. पण पुलाला मच्छिंद्री झाली, म्हणजे पाणी कमानींना जाऊन टेकलं, की गाव आवाज खाली आणतं. जो तो पुलावर जाऊन पाणी बघून येतो आणि कुणी विचारलं तर नुसता हात वर करतो. अजून चढतंय. आमची शाळा नदीच्या अंगाला, उतारावर. जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मुख्याध्यापकांचा निरोप आला, तळमजल्यावरचं सामान वर न्यायचं आहे, जमेल त्यांनी या. माझं चष्म्याचं दुकान आहे. तसल्या पावसात चष्मा करायला कोण येतंय. शटर ओढलं आणि गेलो.

बाकं वर गेली, नकाशे गेले, प्रयोगशाळेतल्या बाटल्या गेल्या. मैदानाच्या खालच्या कडेला पाणी आलेलं दिसत होतं. लाटा नाहीत, आवाज नाही, एखादं मांजर पावलं न वाजवता घरात शिरावं तसं ते गवतातून वर येत होतं. जिन्याखालची खोली मी मुद्दाम शेवटी ठेवली. ती गायनाची खोली. दार ढकलल्यावर आत अजूनही कापराचा वास होता, किंवा मला तो यावासा वाटला. बाई पेटीत कसर लागू नये म्हणून कापराच्या वड्या ठेवायच्या.

"ती ऱ्हाऊ द्या सायेब," मागून शिपाई सदूमामा म्हणाला. "भाता उंदरांनी खाल्लाय. भंगारातच जायाची हाय ती."

मी तरीही उचलली. पेटी एका बाजूला कलली, मागचा भाता आपसूक उघडला, मिटला, आणि आतून एक सूर आला. लांब, जाड, घसा बसलेल्या माणसानं हाक मारावी तसा. मी कुठल्याही पट्टीला हात लावला नव्हता.

"अशीच वरडती," सदूमामा म्हणाला. "कुणी दाबाय लागत न्हाय. परवा झाडताना वरडली, मी पळालोच."

माझ्या मनात आलं, ही काळी चार असणार, त्या दिवशीची पट्टी. वाकून पाहिलं. नव्हती. कुठली तरी पांढरी पट्टी ओलीनं फुगून खाली अडकली होती. तरी मी पेटी खाली ठेवली नाही.

दहावीच्या वर्षाचा फेब्रुवारी मला वासानं आठवतो. गुऱ्हाळांचा गोड, करपट वास सकाळपासून गावावर धरलेला असायचा आणि दुपारी शेतात उसाचं पाचट जाळलं की त्याची काळी राख वाऱ्यावर तरंगत यायची. मैदानात प्रार्थनेला उभं राहिलं की ती पांढऱ्या शर्टांवर उतरायची. झटकायला गेलं की पसरायची. आई म्हणायची, "फुंकर मार, हात लावू नको." त्या वर्षी मला ही राख कावळ्यांच्या पिसांसारखी वाटायची. काहीतरी संपत आलं आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे ते हसून घालवत होते. मुली एकमेकींच्या वह्यांत आठवणी लिहीत होत्या. प्रयोगवह्यांवर सह्या राहिल्या म्हणून मुलं सरांच्या मागे धावत होती. रिकाम्या तासाला कुणीतरी बाकावर करकटकानं नाव कोरायचं आणि त्या कुरकुर आवाजानं माझ्या दातांत कळ यायची.

रफीक आणि मी पाचवीपासून एका बाकावर. तो गायचा, मी पेटी वाजवायचो. कुणी ठरवलं नव्हतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही घाटावर जायचो. पंचगंगेत म्हशी धुवायला आणलेल्या असायच्या, ओल्या कातडीचा आणि शेणाचा वास, वर तालमीतून दंड थोपटल्याचे आवाज. घाटावरच्या एका दगडी कमानीखाली उभा राहून रफीक सूर लावायचा. तो सूर कमानीत फिरून पाण्यावर जायचा आणि पलीकडच्या काठाला लागून परत यायचा. म्हशी कान टवकारायच्या.

"ओ पैलवान," म्हशीवाला ओरडायचा, "रोज येत जा की. आज दूध वाढतंय बघ."

"वाढलं तर निम्मं माझं," रफीक म्हणायचा. आणि परत तोच सूर, त्याच जागी, जराही न हलता.

त्याचा आवाज उंच होता, मुलीसारखा नव्हे, पण उंच. इतर मुलांचे आवाज आठवीत फुटले, त्याचा फुटला नाही. त्याला वडील नव्हते. कबनूरला त्याचे मामा होते, त्यांचे माग होते, आणि मामांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं, दहावी झाली की मागावर यायचं. यातून सुटायची एकच वाट होती. आमच्या गायनाच्या बाईंचे गुरू, आम्ही त्यांना बुवा म्हणायचो, निरोप समारंभाला येणार होते. रफीकचं गाणं त्यांना आवडलं तर ते त्याला घरी ठेवून घेणार होते, शिकवणार होते. मामांनीही कबूल केलं होतं. "बुवा हो म्हणले तर ऱ्हा बाबा. न्हाय म्हणले तर गप गाडीत बसायचं." इतकं साधं.

बुवा एकदा आधीही शाळेत आले होते. तेव्हा त्यांनी माझी पेटी ऐकली होती. ऐकून झाल्यावर त्यांनी उपरण्याच्या टोकानं डोळे टिपले नाहीत, मान हलवली नाही. "बोट बरं आहे," म्हणाले. "पण पेटीवाले पुष्कळ मिळतात." मग रफीककडे वळले आणि कितीतरी वेळ त्याच्याशीच बोलत राहिले. मी भात्याची कडी लावत बसलो. लागलेली कडी परत काढली, परत लावली.

बाईंनी निरोपाच्या गाण्याला तबला नको म्हटलं. "ठेका आला की माणसं मान डोलावतात," त्या म्हणाल्या. "मला मान नको डोलवायला. मला त्यांच्या डोळ्यांत पाणी हवंय. नुसता गळा आणि पेटी." मग आम्हा दोघांकडे बघून म्हणाल्या, "शब्द कुणीही म्हणेल रे. सूर जीवाला लागला पाहिजे." मला त्या वयात ते अक्षरशः खरं वाटलं. लागणं म्हणजे जखम होणं असं मी समजलो.

जानेवारीच्या शेवटी एका तालमीत रफीकचा आवाज पहिल्यांदा फाटला. अंतऱ्यात वरचा षड्ज होता, त्यावर तो पोचला आणि नवं कापड दातानं फाडावं तसा आवाज झाला. बाई खोलीत नव्हत्या. आम्ही दोघंच. रफीकनं घशाला हात लावला आणि घाबरून माझ्याकडे पाहिलं. आणि मला, का ते आजही सांगता येत नाही, रडू फुटलं. त्याच्या चांगल्या सुरानं मला कधी रडवलं नव्हतं. त्या फाटलेल्या सुरानं रडवलं.

"रडतोस काय लेका," तो म्हणाला. "मेलोय व्हय मी?"

मग आम्ही ठरवलं. बाईंना सांगायचं नाही, सांगितलं तर त्या गाणंच काढून घेतील. तोवर गाणं काळी चारमधून चालायचं. काळी चार ही पेटीवरची उंच पट्टी, पोरवयातल्या गळ्यांची. समारंभाच्या दिवशी मी ती सोडायची आणि काळी एकवरून सूर द्यायचा, बराच खालचा. स्टेजवर एकदा पेटीनं सूर दिला की बाईंना काही करता आलं नसतं. खालच्या पट्टीत रफीकचा नवा आवाज जाडसर पण गोल लागायचा. घाटावर आम्ही करून पाहिलं, पेटीशिवाय. म्हशींनी कान टवकारले नाहीत. "म्हशीस्नी पसंत न्हाय," तो म्हणाला. "बुवास्नी पडंल." आणि मग एकदम गंभीर होऊन, "तू विसरू नको हं. पट्टी तुझ्या बोटात हाय."

त्यानंतरचे दिवस मला तुटक आठवतात. घोकंपट्टीचे, रॉकेलच्या चिमणीसारख्या पिवळ्या दिव्याखाली पुस्तकावर पडलेल्या सावलीचे. रोज सकाळी शर्टावर राख. रोज तालमीत तो बाईंसमोर दबक्या आवाजात गायचा, सर्दी झाल्याचं सांगून. आणि रोज मी वरच्या षड्जाजवळ आलो की कान टवकारायचो. आता फाटेल, आता फाटेल. मी त्याची भीती बाळगत होतो की वाट बघत होतो हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

समारंभाच्या दिवशी मैदानात मंडप होता. पेढ्यांची खोकी, चिवड्याच्या कागदी पिशव्या, मोगऱ्याचे गजरे माळलेल्या मुली, नव्या साड्यांच्या घडीचा वास. वारा पडला होता. तरी कुठून तरी राख येत होती आणि मंडपाच्या कापडाच्या फटीतून स्टेजवर उतरत होती, पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर. मी फुंकर मारली. पुढच्या रांगेत बुवा बसले होते, हातात काठी. त्यांच्या बाजूला कबनूरचे मामा, स्वच्छ पांढऱ्या टोपीत, परक्या लग्नाला आल्यासारखे अवघडून.

मला आठवतं, की मी खाली, पट्ट्यांकडे पाहत होतो. निदान इतकी वर्षं मला तसंच आठवत होतं. भाता ओढला आणि काळी चार दाबली.

रफीकनं माझ्याकडे एकदा पाहिलं. तो थांबू शकला असता. हात वर करून म्हणू शकला असता, पट्टी बदल. पण पाच वर्षं मी दिलेल्या सुरावर तो डोळे मिटून उतरत आला होता. तो उतरला. ध्रुवपद नीट झालं. मंडप शांत झाला, एक बाई डोळे टिपायला पदर शोधायला लागलीसुद्धा. मग अंतरा आला.

तो आवाज मी लिहून दाखवणार नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी कावळ्यासारखं ओरडलं आणि सगळी मुलं हसली. रफीकनं ती ओळ परत घेतली. परत तेच. त्यानं तिसऱ्यांदा घेतली. मी पेटी थांबवली नाही. मी थांबवू शकत होतो, खोकला काढून, भाता सोडून, काहीही करून. मी वाजवत राहिलो, कारण मी अजून कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी येण्याची वाट पाहत होतो. मला रडवणाऱ्या त्या सुरानं तिथं एकही माणूस रडला नाही. फाटलेला गळा एका खोलीत मित्राला ऐकू आला तर ती व्यथा असते. मंडपात ती नुसती फजिती असते. आणि याच्याही खाली, अगदी तळाशी, एक गोष्ट होती. बुवा काठी टेकत उठले आणि पेढा न घेता गेले, तेव्हा मला कुठंतरी थंड वाटलं. बरं वाटलं म्हणणंच खरं.

जिन्यात रफीक भेटला. शर्टाच्या खिशावर राखेचा डाग, पसरलेला.

"काय झालं रं?" एवढंच विचारलं त्यानं.

"बोट चुकलं," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. आणि मामांच्या मागे गेला.

परीक्षेला त्याचा नंबर दुसऱ्या शाळेत आला होता. निकालाच्या दिवशी तो आला नाही. पुढं मी अकरावीला गेलो, पेटी सोडली. का सोडलीस असं विचारलं की अभ्यासाचं कारण सांगायचो. इचलकरंजीला कामासाठी कितीदा गेलो असेन. कबनूरचा फाटा आला की मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला काहीतरी बघायला लागायचो.

पूर ओसरला. शाळेच्या भिंतीवर चिखलाची रेघ राहिली, जिन्याखालच्या खोलीत ती माझ्या छातीएवढी उंच. पेटी मी घरी आणली होती, मुख्याध्यापकांनीच न्या म्हटलं. घरात ती कुणी केर काढताना हलवली की हुंकार द्यायची. एकदा बायको हसत म्हणाली, "वाजवा की. पण बघा हं, बोट चुकेल." तिचा काही दोष नाही. मीच तिला ती गंमत शिकवली होती. पण दुसऱ्या दिवशी मी पेटी गाडीत घातली.

कबनूरमध्ये शिरलं की आधी आवाज येतो, मग गाव. प्रत्येक गल्लीत पत्र्याखाली माग चालू, जमीन पायाखाली थरथरते. रफीकचं शेड विचारावं लागलं नाही फारसं. दारात उभा राहिलो तेव्हा तेलाचा, सुताच्या धुळीचा कोमट वास अंगावर आला. आत चार माग एकदम खटखटत होते आणि त्यांच्या मधून एक माणूस तुटलेला धागा शोधत, डोळे बारीक करून, वाकलेला होता. भुवयांवर कापूस. चष्मेवाल्याच्या नजरेनं मला आधी दिसलं, की याला जवळचं दिसत नाहीय. मग दिसला रफीक.

त्यानंही ओळखलं. फार वेळ लागला नाही.

"काय मर्दा," तो मागांवरून ओरडला, "वाट चुकलास व्हय?"

"न्हाई," मी ओरडलो. "तुझ्याकडंच आलो."

"पाणी आलतं म्हणं? दुकानात शिरलं?"

"वाचलं."

त्याची नजर माझ्या काखेतल्या पेटीवर गेली. हात पुसत जवळ आला, झाकणावर बोटं फिरवली. "ही बया आजून जित्ती हाय? माझ्यापरास धडधाकट दिसती की." मग डोळ्यांकडे बोट करून, "मला एक चष्मा करून दे. धागा दिसंना झालाय. पोरं म्हणत्यात, अब्बा, तुम्ही चाचपडून कापड विणताय."

"करून देतो. उद्याच ये." आणि मग, विचारू नये तेच विचारलं. "गातोस का अजून?"

"गातो की. रोज."

"कुठं?"

"हितंच. माग चालू असताना." तो हसला. "कुणाला ऐकू येत न्हाय. म्हणून तर."

मी मागांकडे बघितलं. त्या खटखटाटात उभा राहून तो रोज तोंड उघडत असणार, अंतऱ्यापर्यंत जात असणार, आणि फाटलं काय, न फाटलं काय, त्याला स्वतःलाही कळत नसणार. त्यानं हीच जागा निवडली होती. किंवा मी निवडून दिली होती.

तेव्हा मला माझी संधी दिसली. भित्र्या माणसाला दिसते तशी. तो एका मागाकडे वळून पुन्हा माझ्याकडे पाहत होता आणि आवाज इतका होता की माझा मलाही ऐकू येत नव्हता. मी बोललो. हळू, जवळजवळ ओठांतल्या ओठांत. बोट चुकलं नव्हतं. मुद्दाम केलं. माफ कर. बोलून झालं, आणि छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. मी म्हटलं होतं आणि त्यानं ऐकलं नव्हतं. यापेक्षा बरा सौदा कुठला.

रफीक माझ्या तोंडाकडे बघत होता. हसू गेलं होतं. तो वळला आणि पहिल्या मागाची दांडी ओढली. माग थांबला. मग दुसऱ्याकडे गेला. दुसरा थांबला. प्रत्येक माग थांबला तसा मी उघडा पडत गेलो, अंगावरची चादर कुणी एकेका टोकानं ओढत जावी तसा. चौथा थांबला तेव्हा पत्र्यावर चिमण्यांची नखं ऐकू आली. लांब कुठंतरी दुसऱ्यांचे माग चालू होते, पण ते आता शेजारच्या गावातल्यासारखे.

"ह्या आवाजात उमर गेली माझी," तो म्हणाला. ओरडायची गरज नव्हती तरी पहिले शब्द तो ओरडूनच बोलला, मग आवाज खाली आणला. "हितं आम्ही कानानं ऐकत न्हाय, वठांवरनं ऐकतो. काय म्हणलास ते कळलं मला."

मी पेटी दुसऱ्या काखेत घेतली.

"आणि मला ठाव हुतं. बोट चुकलं असतं तर तू खाली बघितलं असतंस, पेटीकडं. पेटीवाल्याचं चुकलं की तो खालीच बघतो. तू माझ्याकडं बघत हुतास. अंतरा यायच्या आधीपास्नं माझ्या तोंडाकडं बघत हुतास."

पेटी माझ्या काखेत कलली आणि भाता उघडून तिनं तो जाड हुंकार दिला. त्यानं हात पुढे करून ती घेतली, सुताच्या गठ्ठ्यावर सरळ ठेवली, आणि भाता तळव्यानं दाबून मिटवला. शेडमध्ये मग खरोखर काही आवाज उरला नाही.

"शब्द कळलं," रफीक म्हणाला. "सूर कळला न्हाय. आता म्हण."

मला रडू येत होतं. पण रडलो असतो तर पुन्हा तेच झालं असतं, माझा फाटलेला सूर त्यानं ऐकून घ्यायचा आणि त्यानंच मला सावरायचं. म्हणून मी घसा साफ केला आणि जी पट्टी आम्ही घाटावर करून पाहिली होती तितक्या खालून, जपून, त्याच्या तोंडाकडे बघत बोललो.

"बोट चुकलं नव्हतं, रफीक. ठरवून दाबली मी काळी चार. तुझा गळा फाटणार हे त्या मंडपात फक्त तुला आणि मला माहीत होतं, आणि मी तुला तिथं नेलं. लोक रडावेत म्हणून नेलं, आणि तू बुवांकडं जाऊ नयेस म्हणूनही नेलं. मग जिन्यात खोटं बोललो, आणि नंतर आयुष्यभर तेच बोललो. माझं चुकलं. मला माफ कर."